जाफर परकार आणि अंगालगतचा कपडा

जाफरभाई परकारांना उद्देशून मी बोललेला पहिला शब्द होता, "बाहेर!"

मी इथल्या एका इस्पितळात छातीच्या विकारांच्या वॉर्डावर नर्स आहे. कुवेतमध्ये येऊन चौदा वर्षं झाली. मूळची मिरजेची, त्यामुळे इस्पितळ आणि फटकळपणा ही दोन्ही गावाकडूनच आणलेली. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीची गोष्ट. भेटीची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती आणि एका वयस्क कुवेती पेशंटच्या उशाशी एक बुटका, चष्मेवाला माणूस स्टीलचा डबा उघडून निवांत बसला होता. मी ओरडले तसा तो ताडकन उठला, माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली आणि म्हणाला, "हो राजश्रीताई, निघालोच." आणि परत बसला. दहा मिनिटांनी मी पुन्हा गेले. "हो ताई, ह्यो काय, निघालो." तेव्हाही तो बसलेलाच होता. डब्यात तांदळाची पेज होती आणि तो ती पेशंटला चमच्याने भरवत होता. पेशंटचा मुलगा नाही, पुतण्या नाही, घरचा नोकरही नाही. कपड्याच्या दुकानातला माणूस.

जाफरभाईंना नाही म्हणता येत नाही. लोक याला स्वभाव म्हणतात. मी नर्स आहे, मी याला व्यंग म्हणते. अबू हलीफा भागात ते राहतात त्या इमारतीत चार शेजाऱ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, कारण चौघांनीही विचारलं. एका शुक्रवारी त्यांनी तीन घरच्या जेवणांना हो म्हटलं, तिन्ही ठिकाणी पोटभर जेवले आणि चार वाजता फिंतासला माझ्या घरी येऊन सोफ्यावर आडवे झाले. म्हणाले, "ताई, कायतरी गोळी द्या." मी इनो दिलं आणि अर्धा तास बोलले. ते सगळ्याला हो म्हणाले. त्यांची बायको नूरीभाभी तर सांगते, "आमचा निकाह झाला त्येचा कारण पन ताच. माझ्या बापान इचारला, हे हो बोलले." सांगताना हसते, पण थोडं लागूनही हसते.

मी स्वतः नाही म्हणण्यात पटाईत आहे. त्यामुळे आमची दोस्ती होण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि तरीही झाली. त्यांच्यावर रागावायला मला फार आवडतं.

अर्दियाच्या गोदामांच्या भागात शिकारीच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. तंबू, शेगड्या, दुर्बिणी, ससाण्यासाठी कातडी हातमोजे, ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या इवल्याशा टोप्या. या सगळ्याच्या मागे, अगदी शेवटी एक काउंटर आहे आणि त्या काउंटरवर जाफरभाई गेली बावीस वर्षं उभे आहेत. ते विकतात आत घालायचे कपडे. पेशंट घरी गेल्यावर एकदा मी दुकान बघायला गेले, तेव्हा म्हटलं, "म्हणजे तुम्ही बनियन-लेंगे विकता!" त्यांचा चेहरा पडला. तरी म्हणाले "हो"च. मग जरा थांबून म्हणाले, "बनियन नाय ताई. अंगालगतचा कपडा. कोट काय, कोनीपन निवडल." आणि पुढचा तासभर मला धडा दिला.

तो धडा मला अजून पाठ आहे. सप्टेंबरअखेर इथे अजून त्रेचाळीस डिग्री असतं, आणि नेमकं तेव्हाच हे शिकारी लोक परवाने काढून, ससाणे घेऊन कझाकस्तानच्या माळरानावर जातात. तिकडे तेव्हा शरद ऋतू नुकता लागलेला. दुपारी चांगलं ऊन, ससाण्यामागे चालून माणूस घामाघूम. सूर्य कलला की वारा सुटतो, आणि पहाटे पारा दोन-तीनवर. वरचा कोट चढवता येतो, काढता येतो. शेकोटी पेटवता येते. पण अंगाला चिकटलेला कपडा दिवसभर तोच. तो सुती असला तर घाम पितो आणि धरून ठेवतो. मग वाऱ्यात तो ओला कपडा अंगातली ऊब ओढत बसतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तापाच्या पेशंटच्या कपाळावर आम्ही ओली पट्टी ठेवतो ती दुसऱ्या कशासाठी?

म्हणून बारीक लोकर. जाड नाही, हे ते तीनदा सांगतात. शरदाच्या सुरुवातीला जो जाड घेतो तो दुपारी जास्त घामेजतो आणि संध्याकाळी जास्त गारठतो. कपडा अंगाबरोबर असावा, पण हात वर केल्यावर काखेत ओढू नये. पाठीला चार बोटं लांब, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. खांद्यावर शिवण जाड नको, तिथे पिशवीचा पट्टा येतो. गळ्याला चेन हवी, चालताना उघडायला. बाही मनगटाशी अरुंद, कारण वरून ससाण्याचा हातमोजा चढतो. आणि असे दोन जोड, एक अंगावर आणि एक पिशवीत कोरडा. बदलायचा तो थंडी वाजायच्या आधी, सूर्य टेकला की लगेच. "थंडी वाजल्यावर बदलनारा उशीर केलेला मानूस," असं ते म्हणतात. हे सगळं सांगताना ते कपडा उलटा करून, बोटाने शिवण दाखवत, इतक्या मायेने बोलतात की मला माझ्या नर्सिंग स्कूलच्या बाईंची आठवण झाली. त्यांना बँडेजवर असं प्रेम होतं.

आणि तरीही त्यांचं गिऱ्हाईक सुतीच मागतं. यात गिऱ्हाइकाचा दोष किती म्हणावा? माणूस बाहेरच्या भट्टीतून दुकानात शिरतो, मानेवरून घाम ओघळतोय, आणि समोर हा लोकर धरतो. कुणाचंही डोकं फिरेल. थंडीचे कपडे घाम पुसत पुसत निवडायचे, ही चूक इथेच होऊ शकते. त्यातून लहानपणापासून सवय अशी की दिशदाशाच्या, म्हणजे त्यांच्या त्या पायघोळ पांढऱ्या झग्याच्या आत पांढरी सुती बनियन आणि पांढरी सुती सुरवार. तेच स्वच्छ, तेच सभ्य. करडी लोकर अंगाला लावायची म्हणजे त्यांना घोंगडी नेसल्यासारखं वाटतं. ते सुती मागतात, आणि जाफरभाई म्हणतात, "हाझिर." म्हणजे आपलं 'आत्ता देतो'. दुकानात लागल्यावर पहिल्या दिवशी शिकलेला हा त्यांचा पहिला अरबी शब्द. मला वाटतं, पुढे शिकायची त्यांना गरजच पडली नाही.

पण माणूस हुशार. स्वतःला नाही म्हणता येत नाही, तर त्यांनी दुसऱ्याकडून म्हणवून घ्यायची सोय केली. दुकानाच्या पाठीमागे, अंगण ओलांडलं की फळं-भाज्यांचं एक शीतगृह आहे. तिथला मुकादम जयराम हा तासगावचा. सुती हवीच म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला जाफरभाई नवी सुती बनियन घालायला लावतात, त्या उन्हातून अंगणात दोन फेऱ्या मारवतात आणि मग "जरा चहा घेऊ" म्हणून जयरामच्या थंड खोलीत नेऊन द्राक्षांच्या पेट्यांवर बसवतात. आत चार डिग्री, वर पंखे. दहा मिनिटांत गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, ती दुसरी कोणती दाखवत होतास? "मी कशाला नाय बोलू, ताई?" जाफरभाई मला म्हणाले होते. "थंडी बोलते." मला ही युक्ती तेव्हा फार आवडली होती. त्यात काय खोट आहे ते मला नंतर कळलं.

आता त्या पेशंटबद्दल. त्यांचं नाव बू सालेम, म्हणजे सालेमचे वडील. इथे मोठ्या माणसाला असंच हाक मारतात. वय एकाहत्तर, उंच, आवाज असा की वॉर्डातले बाकीचे पेशंट त्यांच्या खोकल्याने जागे व्हायचे. तीस-पस्तीस वर्षं दर शरदात शिकारीला गेलेला माणूस. जाफरभाई नवे असताना, भाषा येत नसताना, याच माणसाने त्यांना समोर बसवून ससाण्याच्या सामानाची एकेक वस्तू हातात देऊन नाव शिकवलं होतं. जाफरभाईंचा या माणसावर जीव. आणि हेच एक गिऱ्हाईक असं, ज्याला त्यांनी कधी थंड खोलीत नेलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कपडे बदलून पेटीवर बसा असं कसं सांगायचं? बू सालेमनी दरवर्षी सुती मागितली, जाफरभाईंनी दरवर्षी "हाझिर" म्हटलं. तरुणपणी अंगातच ऊब होती, निभावलं. गेल्या वर्षी मात्र घेताना त्यांनी सरळ विचारलं, "आता माझं वय झालं. हे चालेल ना?" जाफरभाई म्हणाले, "चालेल."

तिकडे पहिल्याच दिवशी संध्याकाळी, ससाणा परत बोलावायच्या वेळी, बू सालेमचा हात थरथरायला लागला. इतका की ससाणा मुठीवर टेकेना. दोनदा आला, दोनदा उडाला, आणि शेवटी पुतण्याच्या, हमजाच्या हातावर जाऊन बसला. बरोबरच्या माणसांनी दुसरीकडे पाहिलं. चार दिवस तो गारठा अंगात घेऊन ते फिरले, मग ताप, मग विमान, मग आमचा वॉर्ड. अकरा दिवस न्यूमोनिया. बरे झाले ठणठणीत. जाताना मला म्हणाले, "सिस्टर, छाती बरी केलीस. हात कोण बरा करणार? मी म्हातारा झालो." आणि घरी जाऊन त्यांनी ससाणा हमजाला देऊन टाकला. माळरान बंद, मित्रांची बैठक बंद. वर्षभर दिवाणखान्यात टीव्हीसमोर.

हे मला कळलं या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. जाफरभाई घरी आले, चहा घेतला नाही. म्हणाले, बू सालेम दुकानात आले होते. हमजा यंदा जातोय, त्याच्यासाठी सामान घ्यायला. स्वतःचा जुना हातमोजा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, हा कुणा गरजूला दे.

"ताई, त्यो हात म्हातारा झाला म्हनून नव्हता हालत," जाफरभाई म्हणाले. "ओल्या बनियनीन हालत होता. मना ठावक हाय ता. तवाच ठावक होता."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"चालेल बोललो तवा."

मी कप खाली ठेवला. पेज भरवायला का बसत होता हा माणूस, ते मला त्या क्षणी कळलं. मी नर्सच्या धर्माने एवढं सांगितलं की न्यूमोनिया जंतूंनी होतो, बनियनने नाही, तो सगळा तुमच्या माथी मारून घेऊ नका. ते म्हणाले, "हो." मग म्हणाले, "पन न्यूमोनिया बरा झाला, ताई. मानूस नाय झाला."

मी भडकले. वर्षभर एक धडधाकट माणूस स्वतःला म्हातारा समजून घरात बसलाय, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही पेज भरवून गप्प बसलात! सांगत का नाही? ते चष्मा पुसत म्हणाले, सांगितलं तर कबूल करावं लागेल की विचारल्यावर मी खोटं बोललो. बावीस वर्षांत त्या माणसाने आपल्यावर ठेवलेला विश्वास जाईल. ते परत दुकानात पाऊल ठेवणार नाहीत. "आनि तुमीच सांगितलात तर, ताई? तुमचा आयकतात ते." मी सांगितलं, नाही. मी येते, तुमच्या शेजारी उभी राहते, पण तोंड उघडणार नाही. ते म्हणाले, "हो." त्या दिवशी त्यांच्या त्या 'हो'चा मला खरंच कंटाळा आला होता.

हमजाचे कपडे न्यायला बू सालेम पुढच्या शनिवारी येणार होते. मी सुट्टी टाकली. सकाळचे अकरा, बाहेर डांबर मऊ झालेलं. बू सालेम आले, बरोबर हमजा. सत्तावीस वर्षांचा, जिममध्ये कमावलेले दंड, दिशदाशाच्या बाह्या त्यावर ताणलेल्या. त्यांचं अरबी मी इथे मराठीतच लिहिते. मला पाहून बू सालेम हसले, म्हणाले, "ही बाई आली म्हणजे मला कुठून तरी बाहेर काढणार." मग जाफरभाईंना म्हणाले, "याला दे. मी न्यायचो तेच. सुती."

जाफरभाईंनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "हाझिर. आधी जयरामकडे चहा घेऊ?"

मी मनात कपाळावर हात मारला. पण ते निघाले होते. अंगण ओलांडेपर्यंत म्हातारा आणि पुतण्या दोघेही घामाने निथळले. दोघांच्याही आत पांढरी सुती बनियन होतीच, रोजचीच, बदलायचा प्रश्नच नव्हता. जाफरभाई तर सकाळपासून अंगणात पेट्या उचलत होते, जयरामने मला नंतर सांगितलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"या की ताई," जयराम म्हणाला, "शाल घेतलीया न्हवं?" मी वॉर्डातला स्वेटर आणला होता. दार मागे बंद झालं. बू सालेम, हमजा आणि जाफरभाई तिघे पेट्यांवर बसले. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. हमजा म्हणाला, मी इथेच राहायला येतो. बू सालेमनी द्राक्षांचा भाव विचारला. मग हळूहळू बोलणं कमी झालं. हमजाने हाताची घडी घातली. बू सालेम मांडीवर हात ठेवून, ताठ, समोर बघत बसले. मी त्यांच्या ओठांचा रंग बघत होते, माझं कामच आहे ते. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मी बसू देणार नव्हते.

जयराम चहा घेऊन आला. इथल्या पद्धतीचे छोटे काचेचे पेले, खाली काचेची बशी. बू सालेमनी बशी हातात घेतली आणि पेला बशीवर वाजायला लागला. टिण टिण टिण. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. तरी वाजतच राहिला. त्यांचा चेहरा बघवेना. ते हमजाला म्हणाले, "बघितलंस? म्हणून मी येत नाही."

पण दुसराही एक पेला वाजत होता. हमजाचा. एवढे दंड, आणि चहा बशीत सांडलेला. त्याचे दात वाजत होते आणि तो लाजून हसत होता. बू सालेमनी पुतण्याच्या हाताकडे पाहिलं. मग जाफरभाईंच्या हाताकडे पाहिलं. छपन्न वर्षांचे, बुटके, चष्मेवाले जाफरभाई शांतपणे बशी धरून बसले होते आणि त्यांच्या पेल्यातला चहा हलतसुद्धा नव्हता.

"तू आत काय घातलंयस?" बू सालेमनी विचारलं.

जाफरभाईंनी शर्टाची बाही वर केली. आत करडी लोकर, मनगटाशी अरुंद. बू सालेमनी दोन बोटांनी ती चाचपली. जयरामला काही कळेना, तो सगळ्यांना खारी देत होता.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

इथे जाफरभाई सुटू शकले असते. 'नवीनच माल आलाय, बू सालेम,' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. म्हातारा आनंदाने माळरानावर गेला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरल्याप्रमाणे गप्प. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, सांगून टाका खोटं.

"पहिल्यापासून," जाफरभाई म्हणाले. "गेल्या वर्षी तुम्ही मला विचारलंत, चालेल का. मला माहीत होतं चालणार नाही. मी चालेल म्हटलं."

"का?"

"तुम्हाला नाही म्हणायचं मला जमलं नाही."

बू सालेम उठले. मी आधार द्यायला पुढे झाले, त्यांनी हात झटकला. दारात थांबून, वळून न बघता म्हणाले, "माझी मुलं मला नाही म्हणत नाहीत. नोकर म्हणत नाहीत. सगळे मला हो म्हणतात, आणि मी वर्षभर म्हातारा होऊन बसलो. या वयात माझ्याकडे किती वर्षं उरली आहेत, जाफर? त्यातलं एक तू घेतलंस." आणि ते गेले. कपडे न घेता. हमजा मागून पळाला.

जाफरभाई पेटीवरच बसून राहिले. मी त्यांना बाहेर काढलं, उन्हात उभं केलं. ते रडत होते. मला काही फटकळ सुचेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, बरं केलंत. ते म्हणाले, "ताई, गेला मानूस." मी म्हटलं, गेला तर गेला, पण बरा होऊन गेला. असं म्हटलं खरं, घरी येऊन मीही धड जेवले नाही. चांगुलपणाची शिक्षा लोकांना लगेच मिळते, खोटेपणाची वर्षभराने, यावर मी नवऱ्याशी उगाच भांडले.

दहा दिवस गेले. नूरीभाभीचे फोन येत होते. जेवत नाहीत, दुकानात जातात, येतात, कुणी काही मागितलं तर पहिल्यांदाच "बघतो" म्हणतात. "ताई, ह्यांना बघतो बोलताना आयकून मना भ्या वाटतंय," ती म्हणाली. मग अकराव्या दिवशी संध्याकाळी जाफरभाईंचाच फोन. मागे खूप आवाज. "ताई, जमला तर येता काय? बू सालेम आलेत. सगल्यांना घेऊन आलेत."

मी ड्यूटीवरून तशीच टॅक्सीने अर्दियाला गेले. दुकानाच्या मागच्या काउंटरसमोर सात माणसं रांगेत उभी होती. बू सालेमचे दोस्त, भाऊ, त्यांचे मुलगे, हमजा. सगळे या आठवड्यात निघणारे. आणि बाजूला दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बू सालेम बसले होते, मांडीवर काठी आडवी. मला बघून त्यांनी मान हलवली. हसले नाहीत.

"चल," त्यांनी पहिल्या माणसाला सांगितलं. "माग."

तो एक पांढऱ्या दाढीचा भारदस्त गृहस्थ. "सुती बनियन दे, जाफर," तो म्हणाला. "चार."

जाफरभाईंच्या तोंडाशी 'हाझिर' आलेलं मला दिसलं. ओठ तसे झालेसुद्धा. बू सालेमनी काठी जमिनीवर आपटली.

"ला," जाफरभाई म्हणाले. म्हणजे नाही. इतक्या हळू की पांढऱ्या दाढीवाल्याने कान पुढे केला.

"मोठ्याने!" बू सालेम गरजले. हा आवाज मी वॉर्डात ऐकला होता.

"ला!"

"का?"

आणि मग जाफरभाई बोलायला लागले. घाम, वारा, सूर्य टेकला की बदलायचा जोड, पाठीची चार बोटं, काखेतली ओढ. एकेकाला. दुसऱ्याने जाड लोकर मागितली, त्यालाही नाही. तिसऱ्याने एकच जोड पुरेल म्हटलं, त्याला नाही. चौथा स्वतःच्या पोटापेक्षा दोन मापं लहान मागत होता, त्याला जरा संकोचून, पण नाहीच. हमजा सगळ्यांत मागे होता आणि त्याने काही न मागता दोन्ही हात वर केले, माप घे म्हणून. सगळे हसले. सातव्या माणसापर्यंत जाफरभाईंचा आवाज घोगरा झाला होता आणि चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. मी त्या माणसाला इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं.

मग बू सालेम खुर्चीवरून उठले. काठी हमजाकडे दिली. काउंटरपाशी येऊन त्यांनी स्वतःच शेल्फवरची पांढरी सुती बनियन ओढली आणि जाफरभाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मी पण जातोय," ते म्हणाले. "मला ही हवी. पस्तीस वर्षं हीच घालतोय. वडीलही हीच घालायचे. चालेल?"

जाफरभाईंनी बनियनीकडे पाहिलं, बू सालेमकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ती बनियन उचलली, नीट घडी घातली आणि परत शेल्फवर ठेवून दिली.

"नाही, बू सालेम," ते म्हणाले. "चालणार नाही."

म्हाताऱ्याने हात लांब करून त्यांना काउंटरवरूनच जवळ ओढलं. चष्मा पडला. मला दोघांचेही चेहरे दिसेनात, फक्त बू सालेमचा आवाज आला, आणि तो त्या माणसाला शोभणार नाही इतका बारीक होता.

"ते वर्ष मी माफ केलेलं नाही, जाफर. करणारही नाही. पण बावीस वर्षं मी तुझ्याकडून नुसता विकत घेत होतो. आज तू मला पहिल्यांदा काहीतरी दिलंस."